ग्रह कोणाला म्हणावे?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. म्हणून प्रत्येक शाळेत शिकवला जाणारा आणि तरीही विद्वानांत अजून न मिटलेला असा विषय मी आज घेतला आहे. सूर्यमालेत ग्रह किती? माझ्या पिढीने 'नऊ' असे पाठ केले. इथे पुढच्या रांगेत बसलेली मुले 'आठ' म्हणतील. या दोन उत्तरांच्या मधल्या काळात आकाशात काहीच घडले नाही. प्लुटो आपल्या वाटेने चालतच होता. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेच्या सभेत हात वर झाले आणि जगभरची पाठ्यपुस्तके बदलली.

तेव्हा पुष्कळांनी मला एकच प्रश्न विचारला: विज्ञानात मतदान कसे चालते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र प्रागमध्ये शोधण्यापेक्षा आपल्या कोकणात शोधलेले बरे, असे मला वाटते. ग्रहांविषयीचा जाहीर वाद कसा घालावा, हे महाराष्ट्र प्रागच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे शिकत होता, आणि त्या वादातली काही मोठी माणसे याच किनारपट्टीची होती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या दोन तालुक्यांत दोन किल्ले आहेत. महाड तालुक्यातला मंगळगड, ज्याला आपण कांगोरी म्हणतो, आणि पोलादपूर तालुक्यात ढवळ्याच्या वरचा चंद्रगड. परंपरेच्या नवग्रहांत चंद्र आणि मंगळ दोघेही ग्रह आहेत. आजच्या पुस्तकात मंगळ ग्रह आहे आणि चंद्र उपग्रह. सूर्य तारा ठरला. राहू आणि केतू या तर वस्तूच नव्हेत. चंद्राची वाट सूर्याच्या भासमान वाटेला जिथे छेदते ते हे दोन बिंदू. नवांपैकी उरले पाच: बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी. त्यात पृथ्वी आली, मग दुर्बिणीने दाखवलेला हर्षल आला, गणिताने दाखवलेला नेपच्यून आला आणि १९३० साली प्लुटो. पुन्हा नऊ झाले. परंपरेचे नऊ आणि शाळेतले नऊ हे आकडे योगायोगाने जुळले होते, याद्या वेगळ्या होत्या. जुनी यादी चुकीची म्हणून हसण्याचे कारण नाही. ताऱ्यांच्या स्थिर पटावर जे जे सरकते, किंवा ज्याचे स्थान गणिताने काढावे लागते, ते सारे एका यादीत घेणे हा पंचांगकर्त्याच्या कामाला चोख बसणारा निकष होता. काम बदलले की निकष बदलतो.

आता कोकणाकडे येतो. आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी, केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ होऊन गेले. गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहिला. ज्या-चाप या त्रिकोणमितीतल्या राशींची किचकट आकडेमोड टाळून, साध्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराने ग्रहांची स्थाने काढता येतील अशी त्याची रचना आहे. म्हणून तो गावोगावच्या जोशांच्या हाती गेला आणि महाराष्ट्रातली पंचांगे तीन शतकांहून अधिक काळ त्यावर चालली. मला त्यातली दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. केशव दैवज्ञ स्वतः वेध घेणारे होते. जुन्या सिद्धांतांचे आकडे आकाशाशी जुळत नाहीत हे बापलेकांना दिसले. तेव्हा गणेश दैवज्ञांनी कोणत्याही एका सिद्धांताशी निष्ठा धरली नाही. ज्या ग्रहासाठी ज्या ग्रंथाचे गणित आकाशाशी जुळले ते त्यांनी घेतले, आणि जिथे दुरुस्ती हवी तिथे केली. पाचशे वर्षांपूर्वी, या किनाऱ्यावर.

पण कोणतीही कोष्टके कायमची टिकत नाहीत. एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रहलाघवाचे आकडेही घसरले. पंचांगात लिहिलेल्या वेळी ग्रहण लागेना, युती दिसेना. तेव्हा पुढे आले केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना. तेही याच जिल्ह्यातले, अलिबागजवळच्या नागावचे. १८६० साली त्यांनी युरोपीय वेधांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' मराठीत प्रसिद्ध केली आणि पुढे पटवर्धनी पंचांग सुरू झाले. यावर मोठे वादळ उठले. धर्मकृत्यांसाठी जुन्याच ग्रंथांचे गणित हवे, असे एक बाजू म्हणे. डोळ्यांना जे दिसते ते गणिताने दिलेच पाहिजे, असे दुसरी बाजू म्हणे. हाच तो दृक्प्रत्ययाचा आग्रह. केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक या दुसऱ्या बाजूला उभे राहिले. वर्तमानपत्रांत, सभांत, परिषदांत हा वाद दशकानुदशके चालला.

या वादात खरे तर दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते, आणि माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा तोच आहे. गुरू आज रात्री नऊ वाजता कुठे आहे? हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आकाश देते, तिथे कोणाच्या मताला किंमत नाही. राशिचक्राची सुरुवात कोणत्या बिंदूपासून मोजायची? हा दुसरा. आकाशात तशी खूण कुणी कोरून ठेवलेली नाही. टिळकांच्या पक्षाने रेवतीतला एक तारा धरला, तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू. दोन्हींत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. त्यामुळे एखाद्या वर्षी एका पंचांगात अधिक मास येतो आणि दुसऱ्यात येत नाही. रत्नागिरीकडे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत अशा वर्षी गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतात. म्हणून कोणाचा गणपती खोटा ठरत नाही. सुरुवातीचा बिंदू माणसांनी ठरवायचा असतो, मात्र कारणे देऊन, उघडपणे ठरवायचा असतो. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने दोन्ही पक्ष तपासले आणि १९५५ च्या अहवालात चित्रापक्ष स्वीकारला. कोणी आकाशाचे मतदान घेतले नव्हते. मोजायची सुरुवात कुठून, एवढेच ठरवले होते.

या वादाचा आणि त्यामागच्या सगळ्या परंपरेचा इतिहास ज्यांनी लिहिला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. पेशाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ छापून झाला आणि १८९८ साली, पंचेचाळिशीच्या आत, ते गेले. शाळेची नोकरी सांभाळून वेदकाळापासून आपल्या दिवसांपर्यंतचे ज्योतिष ज्याने एका ग्रंथात आणले, त्या माणसाचे नाव कोकणातल्या प्रत्येक शाळेत घेतले गेले पाहिजे.

आणि आता केतकर. यांच्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. १८५४ साली नरगुंदला जन्म, बागलकोटला शाळेत मुख्याध्यापक, 'ज्योतिर्गणितम्' या संस्कृत ग्रंथाचे कर्ते. १९११ साली त्यांनी फ्रान्सच्या खगोलशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत एक लेख प्रसिद्ध केला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यात म्हटले होते. त्यांना नावेही दिली होती: ब्रह्मा आणि विष्णू. गुरूच्या उपग्रहांच्या फेऱ्यांत फ्रेंच गणिती लाप्लासला जे ठरावीक प्रमाण दिसले होते, तसे प्रमाण ग्रहांतही असेल या धाग्याने ते गेले होते. सूर्य-पृथ्वी अंतर एक धरले तर ब्रह्मा ३८.९५ अंतरावर असेल आणि सूर्याभोवतीची फेरी २४२.२८ वर्षांत पुरी करेल, असे त्यांचे गणित होते. १८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ यांना प्लुटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस आणि फेरी सुमारे २४८ वर्षांची. ती बातमी जगभर पसरली तेव्हा केतकर हयात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

प्लुटोचा खरा शोध एका मराठी माणसाने लावला, असे आपल्याकडे अधूनमधून छापून येते. केतकरांविषयी मला अपार आदर आहे आणि म्हणूनच हे मी मान्य करणार नाही. त्यांनी अंतर आणि फेरीचा काळ सांगितला. तो गोल आकाशाच्या कोणत्या भागात सापडेल हे सांगितले नाही, त्यामुळे दुर्बीण कुठे रोखावी हे त्यातून कळत नव्हते. त्यांचा विष्णू कधी सापडला नाही. आणि प्लुटो इतका हलका निघाला की त्याचे वजन आपल्या चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. अमेरिकेतल्या पर्सिव्हल लोवेल यांनी ज्या भारी ग्रहाचे भाकीत केले होते तो तर हा नव्हेच. तिथेही योगायोगच होता. मात्र केतकरांची मूळ दिशा वाया गेली नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लुटोच्या बरोबर दोन होतात, आणि या बांधलेल्या तालामुळेच दोघांच्या वाटा जवळ येऊनही ते कधी एकमेकांना भिडत नाहीत. फेऱ्यांच्या प्रमाणात काही अर्थ आहे, हे बागलकोटच्या त्या मुख्याध्यापकाला जाणवले होते. एवढे श्रेय खरे आहे आणि ते पुरेसे मोठे आहे.

आता प्राग. तिथला वाद एका दुसऱ्या शोधाने पेटला होता. प्लुटोच्या पलीकडे, प्लुटोएवढाच एक गोल माइक ब्राउन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांत सापडला. पुढे त्याचे नाव एरिस पडले. हा शोध २९ जुलै २००५ रोजी जाहीर झाला. ती तारीख तुम्हाला वेगळ्या कारणाने आठवत असेल. चारच दिवसांपूर्वी अतिवृष्टीने जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे डोंगर खाली आले होते आणि महाड पाण्यात होते. त्या आठवड्यात इथे कोणाच्या मनात दहावा ग्रह असणे शक्य नव्हते. म्हणूनच ती बातमी आज इथे नीट सांगावी असे मला वाटते.

पेच असा होता: प्लुटो ग्रह असेल तर एरिसही ग्रह, कारण तो त्याच्याएवढाच आणि वजनाने अधिक. आणि असे आणखी किती निघतील? हे पहिल्यांदा घडत नव्हते. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीत पियाझींना मंगळ-गुरूच्या मध्ये सेरेस सापडला, आणि तो ग्रह म्हणून मोजला गेला. मग पॅलस, जुनो, व्हेस्टा. कित्येक दशके खगोलाच्या पुस्तकांत हे चौघे ग्रह होते. १८४५ नंतर त्याच पट्ट्यात एकामागून एक गोल सापडू लागले तेव्हा त्या सगळ्यांना लघुग्रहांच्या वर्गात घातले गेले. त्या वेळी कोणी मतदान घेतले नाही. नवी माहिती आली आणि हळूहळू वहिवाट बदलली.

प्रागच्या सभेपुढे आधी आलेला मसुदा गोल असण्यावर भर देणारा होता. त्याने ग्रहांची संख्या बारा झाली असती: जुने नऊ, शिवाय सेरेस, एरिस आणि प्लुटोचा साथी कॅरन. त्यावर आठवडाभर कडाक्याची चर्चा झाली, उरुग्वेच्या खगोलशास्त्रज्ञांनी दुसरा मसुदा पुढे केला, आणि शेवटी तीन अटींची व्याख्या मंजूर झाली. ग्रह तो, जो सूर्याभोवती फिरतो. जो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने जवळजवळ गोल झाला आहे. आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केला आहे. तिसऱ्या अटीत प्लुटो अडकला आणि बटुग्रहांत गेला. बटुग्रह हा ग्रहांचाच एक प्रकार मानावा, अशी दुरुस्तीही मांडली गेली होती; ती फेटाळली गेली. मत देणारे सव्वाचारशेच्या आसपास होते, आणि संघटनेचे सदस्य तेव्हा नऊ हजारांच्या घरात. या प्रमाणावर टीका झाली, ती योग्यच होती.

पण तिसरी अट मनमानी होती, असे मी म्हणणार नाही. खगोलशास्त्रज्ञ स्टीव्हन सोटर यांनी तेव्हाच एक हिशेब मांडला होता. पृथ्वीचे वजन तिच्या कक्षेच्या पट्ट्यात उरलेल्या सगळ्या पदार्थाच्या दहा लाखांहून अधिक पट आहे. प्लुटोचे वजन त्याच्या पट्ट्यातल्या उरलेल्या पदार्थाच्या दहाव्या हिश्श्याएवढेही नाही. आठ ग्रह एका बाजूला आणि प्लुटो, एरिस, सेरेस दुसऱ्या बाजूला, मधे भलीमोठी दरी. ही दरी मतदानाने निर्माण झालेली नाही. ती आकाशात आहे आणि मोजता येते. मतदान झाले ते एवढ्यावरच, की ग्रह हा शब्द या दरीच्या अलीकडे थांबवायचा की पलीकडे न्यायचा.

माझी तक्रार आहे ती शब्दरचनेवर. 'मोकळा करणे' म्हणजे किती, हे ठरावात आकड्यांत सांगितलेले नाही. आणि पहिल्या अटीत 'सूर्याभोवती' असे लिहिल्यामुळे इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह या व्याख्येत बसतच नाहीत. अशा बाह्यग्रहांची संख्या आज सहा हजारांच्या पुढे गेली आहे. ज्या व्याख्येत विश्वातले बहुतेक ज्ञात ग्रह येत नाहीत ती अपुरी आहे. ती दुरुस्त झाली पाहिजे, आणि आकड्यांत मांडलेल्या व्याख्येचे प्रस्ताव तज्ज्ञांनी पुढे आणलेही आहेत.

दुसरीकडे भूविज्ञानाच्या अंगाने विचार करणारे अभ्यासक आहेत. त्यांना कक्षेशी कर्तव्य नाही. गोल काय आहे, त्यावर डोंगर आहेत का, बर्फ वाहतो का, हे त्यांना पाहायचे असते. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लुटोजवळून गेले आणि गोठलेल्या नायट्रोजनची मैदाने, पाण्याच्या बर्फाचे उंच डोंगर, निळसर धुके अशी दृश्ये पृथ्वीवर आली. असा गोल ग्रह नाही हे मानायला त्या मोहिमेचे प्रमुख अॅलन स्टर्न आजही तयार नाहीत. त्यांच्या पक्षाची व्याख्या घेतली तर आपला चंद्रही ग्रह होतो. म्हणजे चंद्रगड आणि मंगळगड पुन्हा एका यादीत येतात. त्यांच्या कामासाठी त्यांची व्याख्या चूक नाही. सूर्यमाला कशी घडली हे समजून घ्यायचे तर कक्षेची अट अधिक उपयोगी पडते, आणि शाळेत मुलांना पहिल्यांदा तीच गोष्ट शिकवायची असते. म्हणून शाळेसाठी माझे मत आठाच्या बाजूने आहे.

ग्रहाची व्याख्या खालच्या टोकाला जशी अडखळते तशी वरच्या टोकालाही. ग्रह किती मोठा झाला की ग्रह राहत नाही? इथे पुन्हा एक आपला माणूस येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी. १९९५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लीझ २२९ या ताऱ्याभोवती एक अंधूक गोल शोधला. तो ग्रहापेक्षा फार मोठा होता, पण तारा होण्याइतका मोठा नव्हता. तपकिरी बटू या वर्गाचे ते पहिले निर्विवाद उदाहरण. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीच्या पहिल्या ग्रहाची घोषणा फ्लॉरेन्सच्या ज्या परिषदेत झाली, तिथेच हेही जाहीर झाले. तारा आणि ग्रह यांच्यामधली कुंपणाची जागा एकाच सभेत दोन्ही बाजूंनी उजळली. गुरूच्या सुमारे तेरा पट वजनाला ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागते, म्हणून ग्रहाची सीमा साधारण तिथे धरतात. आणि २०२४ साली कळले की कुलकर्णींचा तो गोल एक नसून दोन आहेत, बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. एकोणतीस वर्षे आपण ज्याला एक म्हणत होतो! आकाशाने उत्तर दिले आणि सगळ्यांनी ते बिनतक्रार स्वीकारले.

प्लुटो गेला तर आमच्या कुंडल्यांचे काय, असे २००६ साली मला फार जणांनी विचारले. आपल्याकडे काही ज्योतिषी हर्षल, नेपच्यून, प्लुटो कुंडलीत मांडत असत, म्हणून ही चिंता. याला जयंत नारळीकरांनी शब्दांनी नव्हे, चाचणीने उत्तर दिले. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी २००८ साली शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांपुढे ठेवल्या. कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले तर पन्नास टक्क्यांच्या आसपास येतात. कुंडलीत किती ग्रह मांडले यावर मुलाचे भविष्य ठरत नाही, हे यातून जितके स्वच्छ कळते तितके शंभर भाषणांतून कळत नाही. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. महाराष्ट्राला ग्रहांविषयी विचार करायला त्यांच्याइतके कोणी शिकवले नाही.

समोर बरेच शिक्षक बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे. 'ग्रह किती?' हा प्रश्न एका गुणासाठी विचारू नका. 'प्लुटोला ग्रहांतून का काढले, आणि तुम्हाला ते पटते का?' असे विचारा, आणि जे मूल कारणे देऊन 'पटत नाही' म्हणेल त्यालाही पूर्ण गुण द्या. उमरठ, कुडपण, ढवळे इथले रात्रीचे आकाश मुंबई-पुण्याच्या मुलांना पैसे मोजूनही मिळत नाही. दिवाळीनंतर ढग गेले की गुरू किंवा शनी जो दिसत असेल तो मुलांना दाखवा, जवळच्या ताऱ्यांच्या संदर्भाने त्याची जागा वहीत काढायला लावा, आणि दर आठवड्याला पुन्हा काढायला लावा. दोन महिन्यांत ग्रह सरकलेला त्यांना स्वतःच्या हाताने दिसेल. साध्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्रही दिसतात, ज्यांतल्या तिघांच्या तालावरून केतकरांनी ब्रह्मा शोधायला घेतला. आणि महाड-पोलादपूरच्या वाचनालयांच्या चालकांना एवढेच सांगतो: दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' तुमच्या कपाटात नसेल तर या वर्षीच्या खरेदीत तो पहिला घ्या, आणि कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाती द्या.